जुना सीडी / डीव्हीडी प्लेअर घरच्या साउंड सिस्टिमला कसा जोडायचा

अभंगांच्या, नाट्यसंगीताच्या सीडी कपाटात भरपूर असतात, प्लेअरही चालू असतो, पण तो जोडलेला असतो टीव्हीला. मग टीव्हीच्या पाठीमागच्या बारक्या स्पीकरमधून आवाज येतो आणि लोक म्हणतात सीडीत काही दम राहिला नाही. दम आहे हो. १९८२ साली सीडी आली तेव्हा तिच्या आवाजाचं जे माप होतं, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट, तेच आजही आहे, फक्त ते ॲम्प्लिफायरपर्यंत (ॲम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा डबा) नीट पोचवायचं.

आधी प्लेअर आणि ॲम्प दोन्ही बोर्डावरून बंद करा. दोन्हींच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा, कारण आपल्याकडच्या खोल्यांत कपाट भिंतीला चिकटलेलं असतं आणि परत परत सरकवणं जमत नाही. शिवाय मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात की तोच फोटो दुकानदाराला दाखवायचा, तो लगेच बरोबर वायर काढून देतो. नियम एकच, प्लेअरच्या आऊटमधून निघून ॲम्पच्या इनमध्ये.

फक्त गाणी ऐकायची असतील तर लाल-पांढरी आरसीए वायर पुरते, खरंच पुरते, त्यासाठी महागडी केबल घेऊ नका. लाल उजवा, पांढरा डावा. ॲम्पवर सीडी, ऑक्स, ट्यूनर यातलं कुठलंही इनपुट चालेल. टेप असं लिहिलेलं असेल तर तिथे दोन जोड्या असतात, त्यातली प्ले किंवा इन वाली घ्या, रेक म्हणजे रेकॉर्डवाली नाही. आणि फोनो लिहिलेल्या ठिकाणी अजिबात लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, तिथे येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, म्हणून आतलं सर्किट तो खूप वाढवतं आणि बेसही चढवतं, आणि सीडी प्लेअर देतो साधारण २ व्होल्ट, त्यामुळे आवाज फाटतो. चोरबाजारातून घेतलेल्या किंवा आजोबांच्या वेळच्या ॲम्पला कधीकधी ५ पिनांचं गोल डिन सॉकेट असतं, त्यासाठी डिन ते आरसीए वायर मिळते.

घरी ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा ॲम्प) असेल आणि डीव्हीडीवर सिनेमा बघायचा असेल तर डिजिटल वायर हवी, म्हणजे कोएक्सियल (एकाच आरसीए पिनेची) किंवा ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणारी). कोएक्सियलसाठी घरात पडलेली जुनी पिवळी व्हिडिओ वायर बिनधास्त वापरा, ती ७५ ओहमचीच असते आणि इथेही तीच लागते. ऑप्टिकल नवीन असेल तर दोन्ही टोकांच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढा, खट्ट आवाज होईपर्यंत आत दाबा, आणि कपाटामागे ती करकचून वाकवू नका.

आता खरी अडचण इथे येते. वायर बरोबर, इनपुट बरोबर, सीडी वाजते पण डीव्हीडी लावली की शुकशुकाट नाहीतर खरखर, आणि घरचे म्हणतात प्लेअर गेला, भंगारात द्या. थांबा. प्लेअरच्या मेनूत ऑडिओ सेटअपमध्ये डिजिटल आऊट बघा, तिथे पीसीएम (प्लेअरनेच उलगडलेला आवाज) आणि बिटस्ट्रीम (न उलगडता पाठवलेला) असे पर्याय असतात, काही प्लेअरमध्ये बिटस्ट्रीमला रॉ म्हणतात. डॉल्बी, डीटीएस (सिनेमाच्या डिस्कवरचे आवाजाचे प्रकार) उलगडणारा रिसीव्हर असेल तर बिटस्ट्रीम ठेवा, म्हणजे पाचही स्पीकर बोलतील. साधा साउंडबार किंवा छोटा डॅक (डिजिटलचा साधा आवाज करणारी डबी) असेल, ज्याला डीटीएस कळत नाही, तर पीसीएम करा, आवाज स्टिरिओत येईल पण येईल. तरीही गप्प असेल तर रिसीव्हरच्या मेनूत ते कोएक्सियल किंवा ऑप्टिकल कुठल्या इनपुटला नेमलंय ते तपासा, बऱ्याचदा सॉकेट सीडीच्या नावावर असतं आणि आपण डीव्हीडीचं बटण दाबून बसतो.

ब्लू-रे असेल तर एचडीएमआयच घ्या, प्लेअरमधून रिसीव्हरला आणि रिसीव्हरमधून टीव्हीला. ब्लू-रेवरचे ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे आवाजाचे प्रकार ऑप्टिकलमधून जातच नाहीत. साउंडबारला फक्त एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच परत बाहेर द्यायची सोय) असेल तर प्लेअर टीव्हीला लावा आणि टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या सॉकेटमधून साउंडबारला, दुसऱ्या एचडीएमआय सॉकेटमधून ते चालत नाही.

स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतोय? बिल्डिंगच्या गच्चीवरून येणारी केबल टीव्हीची वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या लूपचा (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने तयार झालेल्या वेढ्याचा) आहे, प्लेअरचा नाही. मग टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्सचा आवाज सिस्टिमला ऑप्टिकलने द्या, ती काचेची किंवा प्लॅस्टिकची असते, वीज वाहत नाही, त्यामुळे लूप तुटतो. पण प्लगची तिसरी अर्थची पिन काढू नका, कोणी इलेक्ट्रिशियनने सांगितलं तरी नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

पावसाळ्यावरून आठवलं, आपल्या दमट हवेत आरसीएच्या पिना हिरवट पडतात आणि मग एकच बाजू वाजते. सगळं बंद करून पिन काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा, सुकू द्या, परत लावा.

रात्री ऐकायचं असेल आणि शेजारी भिंतीला भिंत असेल तर रिसीव्हरमधला नाइट मोड चालू करा, डॉल्बीच्या डिस्कवर गोळीबार दबतो आणि संवाद ऐकू येतात.

सगळं लावून झालं की व्हॉल्यूम शून्यावर आणून मगच पॉवर द्या आणि हळूहळू वाढवा. बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवल्यावर उजवा स्पीकर वाजला तर लाल-पांढरी किंवा स्पीकरच्या वायरी उलट्या गेल्यात. दोन्ही वाजतायत पण तबल्याचा डग्गा पोकळ येतोय, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी आहे, ॲम्प बंद करून त्याच एका स्पीकरची बदला, दोन्हींची नाही.