घरासाठी कॉर्डलेस ड्रिल निवडताना

पडदे, फळ्या, तसबिरी लावण्यापुरतेच काम असेल, तर १२ व्होल्टचे हलके ड्रिल पुरते; विटांच्या भिंतीत वरचेवर भोके पाडायची असतील, तर मात्र हॅमरची (फिरताना ठोकेही देण्याची) सोय असलेले १८ व्होल्टचे यंत्र घ्यावे. (काही खोक्यांवर ठळक छापलेले ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणजे प्रत्यक्षात १८ व्होल्टच असतात.) खरेदीपूर्वी चकमध्ये (यंत्राच्या पुढच्या पकडीत) बारीक बिट (भोक पाडणारी सळी) घट्ट बसवून यंत्र सावकाश फिरवावे आणि बिटाचे टोक स्थिर राहते की डगमगते, हे नीट पाहावे, कारण डगमगत्या बिटाने भोक हवे त्यापेक्षा मोठे पडते. ब्रशलेस (झिजणारे कार्बन ब्रश नसलेली) मोटर परवडल्यास उत्तम. माझ्या मते यंत्राइतकेच लक्ष बॅटरीकडे द्यावे: ती सुटी विकत मिळते का आणि त्याच कंपनीच्या इतर अवजारांना चालते का, याची आधीच खात्री करून घ्यावी.