प्रतिवादी कोर्टात आलाच नाही, तर एकतर्फी हुकूमनामा कसा मिळवावा?

हातउसने दिलेले चार लाख बुडाले म्हणून तुम्ही दिवाणी दावा लावला. तारखा पडतायत आणि समोरचा फिरकत नाही. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ९ नियम ६ कामी येतो: समन्स मिळूनही प्रतिवादी आला नाही, तर कोर्ट दावा एकतर्फी, म्हणजे फक्त तुमची बाजू ऐकून चालवू शकतं. पण प्रतिवादीची खुर्ची रिकामी आहे म्हणून निकाल आपोआप तुमच्या पदरात पडत नाही.

सगळ्यात आधी रोजनामा (दाव्याची कोर्टातली तारीखवार नोंद) काढून समन्सची बजावणी झाली का ते बघा. एकतर्फी हुकूमनामे (कोर्टाचे निर्णय) उलटतात ते बहुतेक इथेच. समन्सचा भत्ता वेळेत भरा, पत्ता पूर्ण द्या आणि बेलिफाचा (समन्स पोचवणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याचा) अहवाल स्वतः वाचा. 'घेण्यास नकार दिला' असा शेरा असेल तर कोर्ट बजावणी झाल्याचं धरू शकतं. 'घर बंद' असेल तर सात दिवसांच्या आत नव्या समन्सचा अर्ज करा, नाहीतर त्या प्रतिवादीपुरता तुमचाच दावा फेटाळला जाऊ शकतो. तो मुद्दाम तोंड चुकवत असेल तर शपथपत्र जोडून पर्यायी बजावणी मागा: दारावर समन्स डकवणं किंवा तो शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात देणं. जाहिरातीचा खर्च वाचवायला जुन्याच पत्त्यावर समन्स पाठवत राहणारे लोक असतात. ते पुढे महागात पडतं.

समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियतीला (प्रतिवादीच्या उत्तराला) ३० दिवस असतात, कोर्ट ते ९० पर्यंत वाढवू शकतं. साध्या दाव्यात त्यापुढेही सवलत मिळू शकते, व्यापारी दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर दार बंद. मुदत सरली की दावा एकतर्फी चालवण्याचा अर्ज द्या. प्रतिवादी हजर झाला पण कैफियत दिली नाही, तर आधी 'विना कैफियत' (कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा) असा हुकूम मागायचा.

मग पुरावा. बलराज तनेजा खटल्यात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय की कैफियत नाही म्हणून डोळे मिटून निकाल देता येत नाही. म्हणून सरतपासाचं शपथपत्र (तुमची साक्ष लेखी स्वरूपात) द्या, मूळ चिठ्ठी किंवा करार आणि बँकेचा उतारा हजर करून त्यांवर निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून कोर्टाचा नंबर) पाडून घ्या. व्हॉट्सॲपवरचे संदेश दाखवायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. मग पुरावा संपल्याची पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) आणि युक्तिवाद. दाव्यात मागितलं नाही ते इथे मिळणार नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

हुकूमनामा झाला तरी प्रतिवादी आदेश ९ नियम १३ खाली तो रद्द करून मागू शकतो. त्याला ३० दिवस मिळतात. समन्सच नीट बजावलं नसेल तर हे दिवस त्याला हुकूमनामा कळल्यापासून मोजतात, म्हणजे वर्षांनीही तो येऊ शकतो. बजावणीत किरकोळ चूक असली, पण त्याला तारीख माहीत होती आणि यायला पुरेसा वेळ होता हे दिसलं, तर तेवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही. म्हणून बेलिफाचा अहवाल आणि पोस्टाची पोचपावती यांच्या नकला जपा.

पैसे प्रत्यक्ष हातात यायला दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) करावी लागते. मुदत १२ वर्षांची असली तरी थांबू नका: दावा चालू असतानाच त्याची बँक खाती, पगाराची जागा आणि जमिनीचे सात-बारा शोधून ठेवा.