घड्याळ, पेन आणि पत्राचा कागद : कमी खर्चातला रुबाब घालवणाऱ्या या चुका टाळा

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आला आणि काही न बोलता त्याने हातातलं घड्याळ माझ्यासमोर ठेवलं. काचेच्या आतून वाफ धरली होती, सहाच्या आकड्यापाशी गुलाबी पाण्याचा एक थेंब अडकला होता आणि चामड्याचा पट्टा भिजून फुगला होता. आदल्या दिवशी तो राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला गेला होता. इंदूरची गेर ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको, तिथे रंग पिचकारीने उडत नाही, टँकरवरच्या पंपाने उडतो. "मामा, यावर तर थर्टी मीटर वॉटर रेझिस्टंट लिहिलंय," एवढंच तो म्हणाला.

हा 30 मीटरचा आकडा फार लोकांना फसवतो. हे घड्याळ घालून 30 मीटर खोल जाता येतं, असा त्याचा अर्थ नाही. नव्या कोऱ्या घड्याळावर स्थिर पाण्याचा तेवढा दाब देऊन पाहिलेला असतो, इतकंच. रोजच्या वापरात हात धुताना उडणारे शिंतोडे आणि पावसाची भुरभुर, यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. पोहायचं असेल तर 100 मीटर लिहिलेलं घड्याळ घ्यावं. शिवाय पाणी अडवतं ते मागच्या झाकणाखालचं आणि चावीच्या खुंटीपाशी असलेलं रबराचं बारीक वॉशर. ते चार-पाच वर्षांत कडक होतं, आणि सेल बदलताना झाकण वाकडं बसलं तर नवं घड्याळही पाणी घेतं. माझे नेहमीचे घड्याळवाले झाकण उघडताच म्हणाले, "साब, सेल तो नया है, पैकिंग पुरानी है."

अशी वाफ दिसली तर घड्याळ तांदळात पुरू नका, उन्हात ठेवू नका, केस वाळवायचं यंत्र लावू नका. उष्णतेने आतल्या ओलीची वाफ होते आणि ती मशीनभर पसरते. त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे जा, झाकण उघडून आतून कोरडं करून घ्या आणि वॉशर नवं टाकायला सांगा. भाच्याचं मशीन वाचलं. तबकडीवर पाच आणि सहाच्या मधे गुलाबी डाग मात्र कायमचा राहिला.

त्याने ते घड्याळ पहिल्या पगारातून घेतलं होतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. नीटनेटकं दिसायला आणि वागायला फार पैसे लागत नाहीत, यावर माझा पक्का विश्वास आहे. एक साधं घड्याळ, एक शाईचं पेन, आपलं नाव छापलेले शंभर-दोनशे कागद आणि तेवढी पाकिटं, हे सगळं पाच हजारांच्या आत बसतं. मुलं पैसे कमी पडल्यामुळे चुकत नाहीत. सगळे पैसे एकाच वस्तूत घालतात, आणि पट्ट्याला, कागदाला, दुरुस्तीला काही उरत नाही. घड्याळाला तीन हजारांहून जास्त देऊ नका आणि उरलेले इतर गोष्टींसाठी राखून ठेवा.

विकत घेतानाच्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फर्स्ट कॉपी, म्हणजे महागड्या घड्याळाची नक्कल. परदेशी कंपनीचं नाव, चार बनावट छोटे डायल, त्यांतले तीन नुसते छापलेले. सभ्य माणसाच्या अंगावरची वस्तू खोटं बोलू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याच किमतीत टायटन, सोनाटा, टाइमेक्स किंवा कॅसिओचं खरं घड्याळ मिळतं. कॅसिओचं एफ-91डब्ल्यू हे अगदी साधं डिजिटल घड्याळ 1989 पासून जवळजवळ त्याच रूपात विकलं जातंय, आणि ते घालून कोणाचाही मान कमी झालेला नाही.

दुसरी चूक आकाराची. दुकानात मोठं घड्याळ छान दिसतं. घरी आल्यावर कळतं की पट्टा ज्या कानांना अडकतो ते मनगटाच्या बाहेर आलेत. घेण्याआधी मनगटाची वरची सपाट बाजू पट्टीने मोजा. ती 50 मिमी असेल, तर घड्याळाच्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी 46-47 मिमीच्या पुढे नको. आपल्याकडच्या बहुतेक मनगटांना 36 ते 39 मिमी व्यासाचं घड्याळ शोभतं. आजोबांची घड्याळं आज लहान वाटतात, पण शर्टाच्या बाहीखाली ती अलगद जायची.

जुनं एचएमटी घ्यायचं असेल तर डोळे उघडे ठेवा. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून जुन्या 'जनता' आणि 'पायलट'ला मागणी आली, आणि तिच्याबरोबर रंगवलेल्या तबकड्याही आल्या. घड्याळाचं बाहेरचं कवच घासलेलं, कडा झिजलेल्या, पण तबकडी मात्र लखलखीत नारिंगी किंवा पोपटी, असं दिसलं तर ती नंतर रंगवलेली आहे. भिंग लावून पाहा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळतात. रंगवलेल्यात अक्षरं फुगतात, रेघा सरकतात. त्यापेक्षा थोडी पिवळी पडलेली, पण मूळची पांढरी तबकडी घ्या. ते वय तिने कमावलेलं असतं.

वापरताना

चावीचं घड्याळ हातातून काढून चावी द्या. मनगटावर असताना दिली की खुंटीवर तिरका जोर येतो आणि ती आतून वाकते. रोज एकाच वेळी द्या, अडलं की थांबा. तारीख दाखवणाऱ्या यांत्रिक घड्याळाची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान हाताने बदलू नका. त्या वेळात तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, जोर लावला की दाता तुटतो.

घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे धावायला लागलं तर आधी लोहचुंबक आठवा. मोबाइलच्या कव्हरचं झाकण, स्पीकर, बॅगेचं बटण. केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकत्व घेते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि चाल वाढते. खात्री करायची असेल तर होकायंत्र जवळ धरा, सुई हलली तर तेच कारण. घड्याळवाल्याकडे ते काढायचं छोटं यंत्र असतं, काम दोन मिनिटांचं आहे. उगाच पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका.

सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांची उडी मारायला लागला, तर ते बिघडलेलं नाही. पुष्कळ कंपन्यांनी सेल संपत आल्याची ती खूणच ठेवली आहे. लगेच बदला. आणि बंद पडलेलं घड्याळ सेलसकट कपाटात ठेवू नका. सेल पाझरतो आणि मशीन खातो. माझ्या वडिलांचं एक घड्याळ असंच गेलं. वडील गेल्यानंतर सहा वर्षांनी मी खण उघडला, तेव्हा झाकणाच्या आत हिरवट पांढरी पूड होती.

पट्ट्याकडे कोणी बघत नाही, आणि लोकांना आधी दिसतो तो पट्टाच. माळव्याच्या उन्हाळ्यात चामडं घामाने आतून काळं पडतं, वास धरतं आणि टाक्याशी चिरतं. मी एप्रिल ते सप्टेंबर नायलॉनचा किंवा स्टीलचा पट्टा लावतो आणि चामड्याचा दिवाळीपासून होळीपर्यंत. कानांमधली रुंदी मोजून पट्टा घ्या, 18 किंवा 20 मिमी. दोन मिमी कमी रुंदीचा पट्टा लावला की दोन्ही बाजूंना फट दिसते, आणि त्या एका फटीने चांगलं घड्याळही हलकं वाटतं. पट्टा बदलताना दोन्ही पिना नव्या टाका. वीस-तीस रुपयांची पिन सुटून घड्याळ पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. बूट, कमरेचा पट्टा आणि घड्याळाचा पट्टा एकाच कुळीच्या रंगाचे ठेवा, बाकी नियम विसरलात तरी चालेल.

पेन आणि शाई

शाईच्या पेनात ड्रॉइंगची काळी शाई भरणं ही न सुधारता येणारी चूक आहे. त्या शाईत लाख किंवा तसलाच चिकट पदार्थ असतो, तो निबेच्या खालच्या बारीक चरांत वाळला की पाण्याने निघत नाही. बाटलीवर फाउंटन पेनची शाई असं लिहिलेलं बघूनच घ्या. कॅमलिनची शाई सहज मिळते आणि चांगली असते. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत सुरुवात केली तीच मुळी शाईपासून. पत्राला रॉयल ब्लू सुंदर दिसते, पण ती धुतली जाते. चेकवर आणि करारावर सही करताना न धुतली जाणारी शाई वापरा.

नवं पेन अडखळत असेल तर परत करण्याआधी धुवा. कारखान्यातलं तेल निबेवर राहिलेलं असतं. वाटीभर साध्या पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका, त्यात निब बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुऊन रात्रभर टीपकागदावर उभं ठेवा. शाई वाळून बंद पडलेल्या पेनालाही हाच उपाय, फक्त धीर जास्त लागतो. कधी दोन दिवस पाणी बदलत राहावं लागतं. गरम पाणी आणि स्पिरिट मात्र नको. एबोनाइटचं पेन गरम पाण्याने तपकिरी पडतं, आणि स्पिरिटने कित्येक प्लॅस्टिकं तडकतात.

ड्रॉपरने शाई भरायच्या पेनाची एक तक्रार मी वारंवार ऐकतो, लिहिता लिहिता एकदम मोठा थेंब पडतो. टाकी निम्म्याहून जास्त रिकामी झाली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. टाकी निम्मी झाली की भरून घ्या, तक्रार संपते. मे महिन्यात पेन गाडीत ठेवू नका, आणि खिशात ठेवताना निब वरच असू द्या.

कागदावरचं नाव

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ते. आपण इंदूरची मराठी माणसं लेटरहेड आणि व्हिजिटिंग कार्ड छापायला देतो ती बहुधा हिंदी छापखान्यात. तिथला संगणकावर बसलेला मुलगा कामात हुशार असतो, पण 'ळ' त्याच्या बोटांत नसतो. काळे यांचं 'काले' होतं, आणि कऱ्हाडे यांचं 'कर्हाडे'. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांतला 'ल' वेगळा, 'श' वेगळा. एका लग्नाच्या पत्रिकेत मुलीच्या आजीचं नाव असं चुकलेलं मी पाहिलं. आजींनी पत्रिका हातात घेतली, नावावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता शेजारच्या बाईंकडे दिली.

म्हणून नाव घरून मराठी कळफलकावर टाइप करून द्या. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' असलेला युनिकोड फॉन्ट सोबत द्या, आणि मजकूर पुन्हा टाइप करू नका असं स्पष्ट सांगा. जुन्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं मोडतात. छापण्याआधी एक प्रत कागदावर काढून घ्या, मोबाइलवरच्या चित्रावर हो म्हणू नका. प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या, आपलं नाव आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं.

कागदावर काय छापायचं? नाव, पत्ता, फार तर फोन. पदव्या, सोनेरी किनार, गणपतीचं रंगीत चित्र, चार भाषांतलं तेच नाव, हे सगळं वगळा. स्वतःच्या नावाआधी 'श्री.' छापू नका. तो मान दुसऱ्याने द्यायचा असतो.

खजुरी बाजारात कागद घ्यायला जाल तेव्हा आपलं शाईचं पेन बरोबर न्या आणि एक पान मागून त्यावर दोन ओळी लिहा. अक्षराला मुळ्या फुटल्या किंवा मागून शाई दिसली तर तो कागद नको. झेरॉक्सचा 75 जीएसएमचा (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) कागद बहुधा नापास होतो, 100 च्या आसपासचा बॉन्ड पेपर बहुधा पास. ए4 चे शंभर कागद घेऊन मधोमध कापून घ्या, दोनशे ए5 होतात. पत्राला तोच आकार शोभतो. ए5 मधे एकदा दुमडला की सी6 पाकिटात बरोबर बसतो. आधी पाकिटं आणि मग कागद घेतला की तीन घड्या घालाव्या लागतात, आणि उघडताना पत्र कुपनासारखं दिसतं.

मायना चुकला तर कागद कितीही चांगला असो, उपयोग नाही. वडीलधाऱ्यांना 'ती.' आणि 'शि. सा. न.', लहानांना 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद', बाकी सगळ्यांना 'स. न. वि. वि.' एवढं पुरतं. काकूंना 'चि.' लिहून पाठवलेलं आभाराचं पत्र त्या विसरत नाहीत.

पाकिटावर पिनकोड सहाही आकडे सुटे लिहा. आकडे शाईने लिहिले असतील तर पूर्ण वाळल्यावरच पाकीट हातात घ्या, नाहीतर 1 आणि 7 मधला फरक पुसून जातो. पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, जे संस्कृतात कविता करत. इंदूर शहराचे पहिले तीन आकडे 452. आपला पत्ता मागच्या झाकणावर लिहा, पुढे कोपऱ्यात दाटीने नको.