इंदूरहून व्हेलोड्रोमवर जाताना

२०२३ साली मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, तेव्हाही ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती दिल्लीलाच घ्याव्या लागल्या. तिथल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा २५० मीटरचा बंदिस्त लाकडी ट्रॅक आहे. इंदूरकराला तो मोजकेच तास मिळणार, म्हणून घरी जमण्यासारखं घरीच उरकून निघावं.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतं तोवर पाय फिरतोच. ही सवय रोलरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या फिरत्या नळकांड्यांवर, लावा. ही सायकल इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर पहाटे सामसूम असली तरी नेऊ नका. एक कुत्रं आडवं आलं की खेळ खलास. रोज २० मिनिटं रोलर, त्यात एक-एक मिनिट ११०च्या वर कॅडेन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या). सीटवर उसळत असाल तर वेग वाढवायची घाई नको, आधी खांदे ढिले सोडा.

गिअर पुढे ४८ दात, मागे १५ दात असा ठेवा. पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ६.७ मीटर जाते. नवखे मोठा गिअर लावून येतात आणि वेग धरण्यातच दमतात.

निघण्यापूर्वी चेन तपासा. पेडल सावकाश फिरवत मधोमध बोटाने दाबा. जिथे सर्वांत ताठ लागेल तिथेही सेंटीमीटरभर हलली पाहिजे. चेनरिंग (पुढची दातेरी चकती) अगदी गोल बसत नाही, म्हणून एकाच जागी बघून भागत नाही. फार ढिली चेन उतरली तर मागचं चाक अडकू शकतं. मागच्या स्प्रॉकेटला (दातेरी चकतीला) धरून ठेवणारी लॉकरिंग उलट्या आट्याची असते: डावीकडे फिरवली की घट्ट होते. इथे हमखास गफलत होते. चाकाच्या नटांसाठी १५ नंबरचा पाना सोबत असू द्या.

ट्रॅकवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. आधी आतल्या निळ्या पट्ट्यावर वेग घ्या, मग काळ्या रेषेवर (फेरीचं अंतर जिच्यावर मोजतात ती) या. २५० मीटरचं गणित सोपं आहे: ३० सेकंदांत फेरी म्हणजे ताशी ३० किलोमीटर, २५ सेकंदांत ३६. वळणं ४०हून जास्त अंशांनी कललेली असतात. त्यांच्याकडे बघून पोटात गोळा येतो आणि माणूस नेमका तिथेच पाय मंद करतो. टायर घसरतो तो त्यामुळे. ३०च्या खाली वेग आला तर वळणावर वर चढू नका, आणि वळणात शिरताना दाब वाढवा, कमी करू नका. ओव्हरटेक उजवीकडून, म्हणजे बाहेरून. काळ्या रेषेच्या बाहेर लाल रेषा असते; तिच्या आत कुणी असेल तर त्याच्या आतून घुसायचं नाही. वर जाण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघा. थांबायचं झालं तर पाय अचानक रोखू नका, सायकल कमरेला झटका देते. दाब हळूहळू काढा, सरळ भागावर खाली उतरा, शेवटी कठडा धरा.

हात बसला की बंदिस्त ट्रॅकचा खरा उपयोग सुरू होतो. वारा नाही, चढ नाही, सिग्नल नाही. म्हणून हँडल सेंटीमीटरभर खाली घेऊन फरक पडतो का, हे इथेच कळतं. पॉवर मीटर (पेडलवरची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) लावून एकाच वॅटला ८ फेऱ्या, म्हणजे २ किलोमीटर मारा. पुरती विश्रांती घ्या, एकच गोष्ट बदला, पुन्हा ८ फेऱ्या. शेवटी जुन्या मांडणीने आणखी एकदा. ती वेळ पहिलीशी जुळली नाही तर मधल्या आकड्यावर विश्वास नको. वेळेशेजारी हॉलचं तापमानही लिहा: गरम हवा विरळ असते, सायकल तेवढ्यानेच जरा वेगात पळते.