मागचा दणकट दांडा बसवताना आधी दात मोजा

तोरणमाळच्या घाटवाटांवर किंवा तापीकाठच्या काळ्या चिखलात फोर बाय फोर पळवणाऱ्याला मागचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारी गिअरपेटी, कधीतरी कमी पडतंच. मग भंगारबाजारातून जाड दांडा, म्हणजे डिफरन्शियलसकट अख्खं एक्सल हौसिंग, घरी येतं. उतरवून घेण्याआधी क्राऊन (आतलं मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक) यांचे दात मोजा. ४१ ला ९ म्हणजे ४.५६. पुढच्या एक्सलचं गुणोत्तर हेच हवं. नाहीतर कोरड्या, घट्ट जमिनीवर फोर व्हील टाकताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी, मरते. झाकण उघडायचं नसेल तर साध्या, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) नसलेल्या डिफरन्शियलचं एक चाक घट्ट धरा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा. पिनियन जितके फेरे फिरेल, तितकं गुणोत्तर.

खरी माती होते ती पाट्यांच्या बैठकीवर, म्हणजे लीफ स्प्रिंग एक्सलवर जिथे टेकतात तिथे. गाडी जॅकवर लटकत असताना बैठक पक्की वेल्ड करू नका. आधी फक्त टाके मारा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, पिनियनचा कोन जुळवा, मगच पूर्ण वेल्डिंग. कोन चुकला की क्रॉस, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा सांधा, खडखडणारच.

पाट्या एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या. शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. डिफरन्शियलचं तेल हायपॉइड गिअरचंच, जीएल-५ दर्जाचं. ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय अंगणाबाहेरही नेऊ नका.

आणि हो, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे. आरटीओत आधीच विचारून घ्या.