तलवार संग्रही ठेवताय? या चुका टाळा

जुनी तलवार हाती आली की पहिली इच्छा होते ती घासूनपुसून लख्ख करायची. संग्रहातल्या तलवारींचं सर्वांत जास्त आणि कधीही भरून न येणारं नुकसान यातूनच होतं.

पात्यावर दिसणारा प्रत्येक डाग गंज नसतो. काळपट-तपकिरी, घट्ट बसलेला थर म्हणजे पॅटिना. तो वर्षानुवर्षांत तयार होतो आणि तलवारीच्या वयाची साक्ष देतो. लालसर, भुरभुरीत डाग मात्र चालू गंजाचा. पांढऱ्या सुती कापडाने हलकेच पुसून बघा; कापडावर लाल भुकटी आली तर लक्ष घालायला हवं. डागावर हलकं तेल लावून काही तास ठेवा आणि मऊ कापडाने पुसा. तरीही राहिला तर पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. सँडपेपर, तारेचा ब्रश, लिंबू-मीठ यांना हात लावू नका. वूट्झ या जुन्या भारतीय पोलादाच्या पात्यावरची लहरींसारखी नक्षी एका पॉलिशमध्ये दिसेनाशी होऊ शकते. जपानी तलवारीत तर मुठीच्या आत जाणाऱ्या भागावरचा गंज मुद्दाम राखतात, कारण त्याच्या रंगावरून आणि तिथे कोरलेल्या सहीवरून जाणकार तिचा काळ ठरवतात. तो गंज साफ केला की पुरावाही गेला आणि किंमतही. खरोखर जुनी वस्तू असेल तर संवर्धकालाच, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याच्या तज्ज्ञालाच दाखवा.

दुसरी चूक म्हणजे तलवार कायम चामड्याच्या म्यानात ठेवणं. चामडं ओलावा धरून ठेवतं, शिवाय ते कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला चावतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आत पातं गंजत असतं. दीर्घकाळ ठेवायची असेल तर पातं आणि म्यान वेगवेगळे ठेवा. जागा कोरडी हवी, हवेतली आर्द्रता साधारण 50 टक्क्यांच्या आत. बंद कपाटात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला.

पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नका. घामातल्या क्षारांमुळे बोटांचे ठसे अक्षरशः गंजून उमटतात. पाहून झालं की पातं पुसून हलक्या खनिज तेलाचा पातळ थर द्या. शिलाई मशीनचं तेल चालतं. ओघळ दिसला तर तेल जास्त झालं. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. पुसताना कापड पात्याच्या पाठीकडून, म्हणजे धारेच्या उलट बाजूने धरा आणि मुठीकडून टोकाकडे न्या. म्यानातून उपसताना म्यानाच्या धारेकडच्या बाजूला बोटं ठेवू नका; जुनं म्यान चिरून धार थेट हातापर्यंत येते.

नवी तलवार घेताना चकाकीवर जाऊ नका. स्टेनलेस स्टीलची तलवार भिंतीवर छान दिसते, पण ती फिरवायची नाही. एवढं लांब पातं त्या पोलादात ठिसूळ ठरतं. फिरवायची असेल तर 1060 सारखं कार्बन पोलाद बघा, म्हणजे सुमारे 0.60 टक्के कार्बन. विक्रेत्याला पात्याचा मुठीत जाणारा भाग, म्हणजे टँग, कसा आहे ते विचारा. तिथे नुसती बारीक सळई वेल्ड केलेली असेल, तर झटक्यात पातं मुठीतून सुटून उडू शकतं. ‘दमास्कस’, म्हणजे लहरी नक्षीचं पोलाद, म्हणून दाखवलेली नक्षी पात्याच्या पाठीवरही तशीच पुढे गेली आहे का, ते पाहा. फक्त दोन्ही बाजूंवर असेल, तर बहुधा ती वरवर कोरलेली आहे. तलवार बाळगण्याचे कायदे जागोजागी वेगळे असतात, तेही आधी तपासा.

मूठ हलू लागली तर तिच्यात गोंद ओतू नका, नंतर दुरुस्तीसाठी ती उघडता येणार नाही. भारतीय तलवारीची मूठ बहुतेकदा राळेने बसवलेली असते. ती उन्हात किंवा हीटरजवळ ठेवली तर राळ मऊ पडते. आणि पातं लाकडी म्यानात अडकलं असेल तर ओढाताण नको. लाकूड दमट हवेने फुगलेलं असतं. कोरड्या खोलीत काही दिवस राहू द्या, बहुतेकदा ते आपोआप सैल होतं.