परसातल्या माशांच्या तळ्याकडे साप येऊ लागला तर

तळ्यातले मासे एकेक करून कमी होऊ लागले की संशय आधी सापावर जातो, पण तो पक्का करण्यापूर्वी काठ नीट पाहावा. मांजर येऊन गेले असेल तर काठावर बरेचदा खवले किंवा अर्धवट खाल्लेला मासा सापडतो, आणि बगळ्याच्या तावडीतून सुटलेल्या माशाच्या अंगावर चोचीची खोच दिसते. साप भक्ष्याचे तुकडे करत नाही, ते अख्खे गिळतो. त्यामुळे मागे काही उरत नाही आणि त्याच्या जबड्यात मावतील तेवढेच मासे नाहीसे होतात. मात्र लहान मासा बगळाही अख्खाच गिळतो, म्हणून मागमूस नसणे एवढाच पुरावा पुरत नाही. दगडांच्या फटीत अडकलेली कात, किंवा संध्याकाळी कमळाच्या पानाच्या कडेला नाकपुड्यांपुरते डोके वर काढून निश्चल थांबलेला साप, ही खरी खूण. तळ्यात कधी वाम सोडली असेल तर तीही एकदा आठवून पाहावी. तिच्या पाठीला लागून पर असतो, सापाला तो नसतो.

पाण्यात दिसलेला साप पुष्कळदा दिवड, म्हणजेच विरोळा असतो. तो बिनविषारी आहे, पण डिवचला तर जोरात चावतो. असे असले तरी पाण्यातला प्रत्येक साप बिनविषारी असतो हे गृहीत धरू नये, कारण बहुतेक साप उत्तम पोहतात आणि बेडकांच्या मागे नागही पाण्याकडे येतो. साप पाण्यात चावत नाही ही समजूतही खोटी आहे. साप दिसल्यावर दोन-तीन मीटर लांब राहावे, मुलांना व कुत्र्याला आत न्यावे आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवावी. डिवचले नाही तर तो बहुधा आपणहून निघून जातो. तो तिथेच मुक्काम करत असेल, किंवा विषारी असल्याची शंका असेल, तर दुरून छायाचित्र काढून जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. काठीने मारायला जाणाऱ्यालाच दंश होण्याचा धोका अधिक असतो, आणि अनेक देशांत सापांना कायद्याचे संरक्षणही आहे.

दंश झालाच तर साप कोणता याचा खल न करता तो विषारीच समजावा. अंगठी आणि बांगड्या काढाव्यात, हाड मोडल्यावर जसा आधार बांधतात तसा आधार देऊन तो अवयव हलू देऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावे. जखम कापणे, चोखणे किंवा वर करकचून दोरी आवळणे, यांतले काहीही करू नये.

आता मूळ कारणाकडे वळू. तळ्याकडे साप फक्त माशांसाठी येतो असे नाही. बेडूक, बेडूकमासे आणि सांडलेल्या खाद्यावर येणारे उंदीर हेही त्याचे अन्न आहे. म्हणून मासे पाच-दहा मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य टाकावे आणि उरलेले घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काठ. शोभेसाठी एकावर एक नुसते रचलेले दगड म्हणजे सापाला आयते बीळ, आणि माझ्या मते परसातल्या तळ्यांचा हाच सर्वांत मोठा दोष आहे. त्या फटी सिमेंटने बुजवाव्यात, काठालगतचे गवत आखूड ठेवावे, लाकडे व विटांचे ढीग दूर हलवावेत आणि जादा पाणी वाहून नेणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. पंप आणि फिल्टरच्या पेटीत ऊब व अंधार दोन्ही मिळतात. ती उघडताना आधी काठीने झाकण उचलावे, आत टॉर्च मारावा आणि मगच हात घालावा.

गंधक, डांबराच्या गोळ्या किंवा फिनेल काठावर टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. सापावर त्यांचा भरवशाचा परिणाम होत नाही. उलट डांबराच्या गोळ्या आणि फिनेल पावसाबरोबर पाण्यात उतरले की मासे मरू शकतात.

लहान मासे वाचवायचेच असतील तर खरा उपाय कुंपणाचा. त्यासाठी सुमारे ६ मिलिमीटर छिद्रांची कडक लोखंडी जाळी घ्यावी, ती जमिनीवर ७५ ते ९० सेंटिमीटर उंच ठेवून साधारण १५ सेंटिमीटर खाली पुरावी आणि वरचा भाग सुमारे ३० अंशांनी बाहेर कलता ठेवावा, म्हणजे चढू पाहणारा साप मागे घसरतो. खांब आतल्या बाजूस असावेत, फाटकाखाली फट राहू नये, आणि बाहेरून टेकलेली एखादी फांदीसुद्धा सापाला शिडीसारखी उपयोगी पडते हे ध्यानात ठेवून ती छाटावी. कुंपण बंद करण्यापूर्वी साप आत राहिलेला नाही याची खात्री करून घ्यावी, नाहीतर तो आतच कोंडला जाईल.

पक्ष्यांसाठी वापरतात ती मऊ नायलॉनची जाळी मात्र जमिनीलगत सैल सोडू नये. साप तिच्या भोकात डोके घालतो, मधला जाड भाग अडकतो, आणि खवल्यांची टोके मागे वळलेली असल्यामुळे त्याला मागे सरकताही येत नाही. तो जितका पीळ घालतो तितका धागा कातडीत रुततो. असा साप आढळला तर स्वतः कात्री घेऊन पुढे होऊ नये. त्याच्यावर सावली धरण्याची लांबूनच काही सोय करावी आणि सर्पमित्र येईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नये.